मोबाईल काढून घेण्याआधी तो व्हिडिओ पूर्ण बघा

पत्र

ताई, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, राहायला कसबा बावड्यात. मुलगी अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, दहावीला ९१ टक्के. नववीच्या दिवाळी सुट्टीत शाळेनं ‘घरातल्या मोठ्या माणसाची गोष्ट’ असा प्रकल्प दिला होता, तेव्हा तिनं माझ्या वडिलांचा मोबाईलवर व्हिडिओ केला. वडील आयुष्यभर गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर होते. तेव्हापासून तिला हाच नाद. म्हाताऱ्या माणसांना गाठायचं, बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत एडिटिंग. पूर्वी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची, आता अनोळखी माणसाशी तासभर बोलते. हे मला आवडतं, खोटं कशाला सांगू. पण सहामाहीत फिजिक्स आणि मॅथ्समध्ये कशीबशी पास झाली. त्यात गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका आजींच्या पुराच्या आठवणींचा चार मिनिटांचा व्हिडिओ तिनं यूट्यूबवर टाकला, तो चाळीस हजार लोकांनी बघितला आणि आजींचा मुलगा आमच्या दारात येऊन भांडून गेला. आमची मंडळी म्हणते, पोरगी झोपत नाही, मोबाईल काढून घ्या. पोरगी म्हणते, सायन्स सोडते, मला यातच करिअर करायचंय, आणि सत्तर हजारांचा लॅपटॉप पाहिजे. यात पोट भरतं का? मोबाईल काढून घेऊ का? तिचे व्हिडिओ सोबत पाठवतोय.

एक वडील, कसबा बावडा

उत्तर

दादा, नमस्कार.

पत्र वाचलं, व्हिडिओही बघितले. पत्रात मार्क आहेत, लॅपटॉपची किंमत आहे, भांडण आहे, किती जणांनी बघितलं तो आकडा आहे. त्या व्हिडिओंत काय आहे याबद्दल मात्र एक ओळसुद्धा नाही. माझा अंदाज असा की तुम्ही ते वरवरच बघितले असावेत, सेकंड शिफ्ट करून आल्यावर, जेवता जेवता. म्हणून आधी तिनं काय केलंय ते सांगते, मग तुमच्या प्रश्नांकडं येते.

नववीतला व्हिडिओ आणि त्याच आजोबांवर तिनं यंदा पुन्हा केलेला व्हिडिओ, दोन्ही लागोपाठ लावा. नववीतल्या व्हिडिओत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई वाजते. ‘माझे आजोबा अत्यंत कष्टाळू होते, त्यांनी आम्हाला श्रमाचे महत्त्व पटवून दिले’ असं ती निबंधाच्या वहीतून वाचून दाखवते. आजोबा मध्येच दिसतात, दोन वाक्यं बोलतात, की लगेच पुन्हा हिचा आवाज. त्यात चूक काहीच नाही, नववीची पोरं असंच करतात, कारण शाळेत त्यांना असंच लिहायला शिकवलेलं असतं. मी स्वतः वर्षानुवर्षं मराठी शिकवलं, हे ‘श्रमाचे महत्त्व’ प्रकरण मला चांगलं ओळखीचं आहे.

यंदाचा व्हिडिओ सुरू होतो तो चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, उसाची चिपाडं पेटल्याच्या आवाजानं. तो आवाज बराच वेळ नुसता चालू राहतो, संगीत नाही. मग काहिल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई दिसते, रसावर आलेली मळी काढतानाचे हात दिसतात, भेंडीचं ठेचलेलं खोड पाण्यात पिळतानाचे हात दिसतात. हे हात तुमच्या वडिलांचे नाहीत, दुसऱ्या कुणाचे तरी आहेत, म्हणजे ती पोरगी हंगामात कुठल्यातरी चालू गुऱ्हाळावर जाऊन आली. तुम्हाला ठाऊक होतं का? आणि मग ती आजोबांना विचारते, गूळ झाला हे कळतं कसं? ते म्हणतात, ‘कळतंय की.’ ती पुन्हा विचारते. ते म्हणतात, ‘वासावरनं.’ ती थांबते. तिसऱ्यांदा विचारते, ‘पण म्हंजे नेमकं काय बघता तुम्ही?’ आणि गप्प बसते. आजोबाही गप्प. बऱ्याच वेळानं ते बोलायला लागतात: रस दाट झाला की फुगे कसे बदलतात, त्यातलं थोडं काढून गार पाण्यात सोडायचं, बोटांत धरून गोळी वळते का बघायचं, वळली तर उतरवायची घाई करायची, नाहीतर सगळी काहिल हातची जाते.

माझ्या मते तुमच्या मुलीची गेल्या दोन वर्षांतली सगळी वाढ त्या तिसऱ्या प्रश्नात आणि त्यानंतरच्या गप्प बसण्यात आहे. समोरच्यानं दिलेलं पहिलं उत्तर सोपं असतं, त्यानं ते पूर्वीही दहा जणांना दिलेलं असतं. ते घेऊन न निघता थांबायला धीर लागतो. शिवाय समोरच्याला आपण उलटतपासणी करतोय असं वाटू द्यायचं नाही, हे त्याहून अवघड. मोठमोठ्या माणसांच्या मुलाखती घेणाऱ्यांनाही ते जमत नाही, तेच मध्ये मध्ये बोलत राहतात. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी मुलगी आता धीट झाली, असं तुम्ही लिहिलंय. ती ऐकायला शिकलीय, बोलणं त्यातून आपोआप आलं.

दुसरी गोष्ट तुम्हाला पडद्यावर दिसणारच नाही, ती तिला विचारावी लागेल. हा व्हिडिओ साडेचार मिनिटांचा आहे. आजोबांशी ती किती वेळ बोलली असेल? तासभर तरी. बाकीचं गेलं कुठं? ते तिनं कापलं. नातवंडाला आपल्या आजोबांचं बोलणं कापणं जिवावर येतं, आणि प्रत्येक तुकडा का ठेवायचा, का टाकायचा याचं उत्तर स्वतःलाच द्यावं लागतं. एखाद्या रविवारी तिच्या शेजारी बसा आणि एवढंच विचारा, ‘यातलं काय काय काढून टाकलंस?’ ती बोलायला लागली की मध्ये थांबवू नका. सल्ला देऊ नका. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न त्या दिवसापुरता खुंटीला टांगून ठेवा.

इथं थोडं विषयांतर करते. हल्ली शाळा-कॉलेजांत ‘डिजिटल प्रकल्प’ म्हणून जे चालतं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींनी पोरांची काही वाढ होत नाही. नेटवरून दहा चित्रं उतरवायची, त्यावर झगमगीत अक्षरं टाकायची, खाली गाणं लावायचं, झालं. पूर्वी प्रदर्शनात थर्माकोलचा पन्हाळा असायचा, आता स्लाइडवरचा असतो. साधन बदललं म्हणून मूल बदलत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या घडल्या. तिच्यासमोर खरा माणूस होता, तिनं तेच काम पुन्हा केलं आणि काम बघून कुणीतरी तिला उलट बोललं. तिसरी तुम्हाला भांडणाच्या रूपात दिसली. त्याबद्दल आता सविस्तर बोलू, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. मार्क आणि लॅपटॉप त्यानंतर.

आजींचा तो व्हिडिओ चांगला आहे. पंचगंगेच्या पुरावर बातम्या करणारे राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तुमच्या मुलीनं हे आकडे पडद्यावर नुसते लिहून दाखवले आणि आवाज आजींचा ठेवला: पाणी आधी पायरीला आलं, मग तुळशीला, मग कोनाड्यातल्या देवापर्यंत. २०१९चं पाणी आणि २०२१चं पाणी आजी भिंतीवर हात ठेवून वेगवेगळं दाखवतात. फुटांचं माप आणि तुळशीचं माप एकाच वेळी समोर ठेवायचं हे तिला कुणी शिकवलं नसावं, तिचं तिलाच सुचलं असणार.

आणि मग दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास आजी सांगतात की पोरगा आदल्या दिवशीच बायकोपोरांना घेऊन सासुरवाडीला गेला आणि आपण एकट्याच माळ्यावर होतो. आजी ते वाक्य रागानं म्हणत नाहीत, सहज म्हणतात. पण चाळीस हजार लोकांनी ते ऐकलं, खाली कॉमेंटमध्ये त्या मुलाला काय काय शिव्या दिल्यात त्या मी वाचल्या. तो कुठं कामाला असेल तिथल्या माणसांनीही बघितलं असेल. आईला तो तेव्हा चल म्हणाला होता का, ती घर सोडायला तयार होती का, हे त्या व्हिडिओत कुठंच नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. तो तुमच्या दारात येऊन भांडला, याचं मला नवल वाटत नाही.

आजींनी रेकॉर्ड करायला होकार दिला होता, असं तुमची मुलगी म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरीशी बोलायला होकार देणं वेगळं आणि गावभर, देशभर ते ऐकवायला होकार देणं वेगळं. आजींना यूट्यूब म्हणजे काय हे कितपत माहीत असेल? म्हणून परवानगी दोनदा घ्यायची असते. एकदा रेकॉर्डिंगच्या आधी, आणि एकदा तयार झालेला व्हिडिओ त्या माणसाला दाखवून, टाकण्याच्या आधी. आणि ज्याच्याबद्दल कुणी काही बोललंय, पण जो स्वतः तिथं नाही, त्याचा विचार करण्याची जबाबदारी कापणाऱ्याची. ते वाक्य काढूनही व्हिडिओ उभा राहिला असता. आजी एकट्या माळ्यावर होत्या एवढं पुरेसं होतं.

आता काय करायचं? व्हिडिओ आजच प्रायव्हेट करायला सांगा. डिलीट नको, तिच्या मेहनतीचा तो भाग आहे आणि आजींच्या आठवणीही त्यात आहेत. मग दोन दिवसांनी, डोकी शांत झाल्यावर, तिला घेऊन त्यांच्या घरी जा. तुम्ही सोबत असा, पण तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका, माफीही तुम्ही मागू नका. ती बोलेल, अडखळेल, रडेलही कदाचित. चालेल. त्या मुलाला तिनं एवढंच विचारावं की तुमची बाजू मला माहीत नव्हती, तुम्हाला सांगायची आहे का? तो नाही म्हणाला तर विषय तिथंच संपला. तो हो म्हणाला तर तिच्या हाती वेगळाच, जास्त चांगला व्हिडिओ येईल: एकाच घरातल्या दोन माणसांना एकच पूर कसा आठवतो. नवीन कापलेला व्हिडिओ आधी आजींना आणि मुलाला दाखवायचा. दोघंही हो म्हणाले तरच टाकायचा. आणि चाळीस हजारांवरून पुन्हा शून्यावर यावं लागेल म्हणून ती कुरकुरली, तर त्या कुरकुरीपुढं मात्र नमू नका. इथं बापानं कडक व्हावं.

तिच्या स्वतःच्या बाबतीतही तेच. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. व्हिडिओत घराची पाटी, कॉलेजचा गणवेश, क्लासला जायची वेळ दिसता कामा नये. कॉमेंट बंद ठेवता येतात, सध्या ठेवाव्यात. आणि नववीतल्या सनईसारखं पाठीमागं एखादं चित्रपटाचं गाणं लावत असेल तर तेही सोडायला सांगा. जुनं गाणं म्हणजे फुकटचं गाणं नव्हे. आपल्याकडं ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. तसंही तिच्या चिपाडांचा आवाज कुठल्याही सनईपेक्षा सरस आहे.

मार्कांचं. तुम्ही सगळा दोष मोबाईलवर टाकलाय. थोडा आहेच. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत वाचलं: दहावीपर्यंत मराठी माध्यम. आपल्याकडं मराठी शाळेतून ९० टक्के घेऊन आलेली पोरं अकरावी सायन्सच्या पहिल्या सहामाहीत दणकन आपटतात, ज्यांच्या हातात मोबाईल नसतो तीही. ‘बल’ आणि ‘संवेग’ म्हणून जे नीट कळलेलं असतं ते इंग्रजीत वाचताना परकं होऊन बसतं, वर्गात प्रश्न विचारायची लाज वाटते, आणि दिवाळीपर्यंत मुलं मनातून हरलेली असतात. तुमच्या मुलीचं तेच झालंय असं मी छातीठोक सांगत नाही, पण विचारून बघा. ‘फिजिक्स आवडत नाही का?’ असं विचारू नका, ‘पुस्तकातलं वाक्य वाचून कळतं का?’ असं विचारा.

आळस किंवा चंचलपणा हे कारण तर मला पटतच नाही. त्या गुऱ्हाळाच्या व्हिडिओत अर्ध्या मिनिटाचं स्टॉप मोशन आहे, गुळाचे खडे आपोआप सरकत येऊन ढेप होते ते. त्यात सेकंदाला बारा फोटो धरले तरी ३६० फोटो होतात. ३६० वेळा खडे केसभर सरकवायचे आणि हात बाजूला घेऊन फोटो काढायचा. एवढा दम असलेल्या मुलीला अभ्यासाला बसवत नाही, हे म्हणणं जरा तपासून घ्यावं लागेल.

एक उपाय तिच्याच हातातला आहे. जो धडा कळला नाही तो एखाद्या मैत्रिणीकडून किंवा सरांकडून समजून घेऊन, दोन मिनिटांत, बावड्याच्या बोलीत, आजोबांना कळेल असा सांगून रेकॉर्ड करायचा. टाकायचा कुठंच नाही, स्वतःच ऐकायचा. जिथं ती अडखळेल तिथं तिला कळलेलं नाही, हे तिचं तिलाच ऐकू येईल. सुरुवात केमिस्ट्रीपासून करू दे. पाण्यात साखर-मिठासारखं काही विरघळलं की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे बारावीच्या सोल्युशन्सच्या धड्यात येतं. आजोबा काहिलीपुढं उभं राहून हेच ओळखत होते: रस दाटत जातो तसा तो जास्त तापतो आणि गूळ उतरवायच्या वेळी साधारण ११८ अंश सेल्सिअसला असतो. अर्थात तिच्या प्रत्येक गोष्टीला अभ्यासाचं शेपूट जोडत बसू नका, ती वैतागेल. हे एकदा सांगायचं आणि सोडून द्यायचं.

तुमच्या मंडळींचं एक म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, ते झोपेबद्दलचं. रात्री एकपर्यंत जागून कुठलंच काम चांगलं होत नाही, एडिटिंगही नाही. रात्री साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचे, तुमचाही. एडिटिंग शनिवार-रविवार. आणि वार्षिक परीक्षेपर्यंत एकच काम हाती घ्यायचं, ते पूर्ण करायचं. अर्धवट पडलेले पाच व्हिडिओ पोराला जेवढं दमवतात तेवढं एक पूर्ण काम दमवत नाही. विषय आणि तारीख तिनंच कागदावर लिहून द्यावी. मोबाईल पूर्ण काढून घेतलात तर ती अभ्यासाला बसेल असं नाही, ती पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसेल.

त्या एका कामाचा विषय सुचवू का? केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं, आणि ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळालेलं. नटांच्या मुलाखती सगळ्यांनी घेतल्या. पण तिथं पडदा ओढणारे, लाईट लावणारे, तिकीट फाडणारे, मध्यंतरात चहा विकणारे लोक याच शहरात आहेत. हे काम तिनं एकटीनं करू नये. वर्गातली दोघं-तिघं घ्यावीत, एकानं आवाजाकडं बघायचं, एकानं लिहायचं, एकानं कापायचं. आतापर्यंत तिनं सगळं स्वतःच्या हातानं केलंय, स्वतःचं स्वतःच कापलंय. आपण जीव लावून घेतलेला तुकडा दुसऱ्यानं काढून टाकलेला सोसणं अजून तिच्या वाट्याला आलेलं नाही. ते आलं की आजींच्या मुलाचा राग तिला जरा जास्त कळेल.

पोट भरतं का, हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसानं विचारावा याची मला गंमत वाटली. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांची आठवण सांगणारा कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, येता-जाता बघितला असेल. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे कलाकार. सिनेमाचं शिक्षण कुठं मिळत नव्हतं आणि परदेशी कॅमेरा आवाक्यात नव्हता, म्हणून त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी तो इथंच बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम पुरं केलं आणि १९२० साली त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. शूटिंगच्या आधी ते पोशाखांची, पात्रांची रेखाटनं स्वतः काढत. त्यांच्या कंपनीत तयार झालेल्या माणसांनी १९२९ साली इथंच प्रभात ही फिल्म कंपनी काढली, ती १९३३ साली पुण्याला गेली, आणि प्रभातच्या त्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पण हे ऐकून हुरळून जाऊ नका. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढं बंद पडली, प्रभातही बंद पडली. या धंद्यात पैसा आहे, पण तो वेळेवर आणि सगळ्यांना मिळत नाही.

आजच्या हिशोबात सांगायचं तर यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशात पूर्ण वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा शॉर्ट्सला नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. आजींचा व्हिडिओ चाळीस हजार जणांनी एक सेकंदही न सोडता बघितला असं धरलं तरी ते २,६६७ तासच होतात. म्हणजे त्यातून तिला एक रुपयाही आलेला नाही. आणि अठरा पूर्ण होईपर्यंत पैशाचं खातं पालकांच्याच नावावर लागतं. तो रस्ता मनातून काढून टाका, तुम्हीही आणि तिनंही.

मात्र शिक्षणाच्या वाटा आहेत, आणि सायन्स सोडल्याशिवाय त्या मिळत नाहीत असं अजिबात नाही. आयआयटीतल्या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा असते, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या दिग्दर्शन, संकलन अशा मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, ती कुठल्याही विषयातली असो. इथं शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता आणि जनसंवादाचा विभाग आहे. म्हणजे घाई कशाचीच नाही. अकरावी अर्धी झालेली असताना शाखा बदलण्याआधी तिनं एकदा स्वतःशी ठरवावं की ती फिल्मकडं चाललीय की फिजिक्सपासून पळतेय. दुसरं असेल तर वर सांगितलेला माध्यमाचा प्रश्न आधी सोडवा. पहिलं असेल आणि वार्षिक परीक्षेनंतरही तेच म्हणाली, तर कॉमर्स-आर्ट्सकडं जायला माझी तरी हरकत नाही. आणि सायन्सलाच राहिली तर लक्षात असू द्या, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, त्यामुळं हे वर्ष गेलं-आलं असं धरता येत नाही.

आता लॅपटॉप. सत्तर हजारांचा लॅपटॉप आत्ता घेऊ नका, कर्ज काढून तर नाहीच. तिनं आतापर्यंत जे केलंय ते फोनवर केलंय, आणि त्यात कमी पडलाय तो आवाज, चित्र नाही. आजींच्या व्हिडिओत पंख्याची घरघर आहे, मध्येच फोनला मेसेज आल्याचा आवाज आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, पंखा बंद करायचा, खोली घुमत असेल तर दोन गोधड्या भिंतीला लावायच्या. याला खर्च शून्य. पुढं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये परवानगी मिळाली तर ऑडॅसिटीवर आवाज साफ करता येतो, ते फुकट आहे. व्हिडिओसाठी शॉटकट फुकट आहे. नाट्यगृहाचं काम तारखेला पूर्ण झालं, तर सुट्टीत वापरलेला चांगला डेस्कटॉप बघायला हरकत नाही, एडिटिंगला तो त्याच पैशात लॅपटॉपपेक्षा जास्त काम देतो.

आत्ता घ्यायचा तो कॉलरला लावायचा छोटा वायरचा माईक, काही शे रुपयांत मिळतो. घ्यायला तिला सोबत न्या आणि दुकानातच, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात, तिच्या फोनवर रेकॉर्ड करून ऐका. बऱ्याच नव्या फोनना हेडफोनचं गोल भोक नसतं, तेव्हा पिन कुठली लागते ते आधी बघून जा.